घाटावरचं गलबत

जेऊर स्टेशनवर उतरणारा माणूस बहुधा करमाळ्याला निघालेला असतो. जहाजांचा आणि जेऊरचा काही संबंध असेल असं कुणाला वाटणार नाही. कोकणचा किनारा इथून सरळ रेषेतसुद्धा दोनशे किलोमीटरहून लांब, आणि मध्ये आख्खा सह्याद्री. तरीही शिडाच्या लाकडी जहाजाचं मॉडेल किटमधून कसं बांधावं, यावरचं हे मराठी पुस्तक जेऊरच्या एका पत्र्याच्या खोलीत लिहून झालं. त्या खोलीत मी गेली काही वर्षं दर रविवारी बसत आलो आहे. लेखकमित्रानं प्रस्तावना लिहायला सांगितली तेव्हा मी लगेच हो म्हणालो. त्यात मैत्री आहेच, पण त्याहून मोठं कारण असं की या कामानं मला जहाज वाचायला शिकवलं.

पाणी आम्हाला नवं नाही. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि भीमेचं पाणी करमाळा-इंदापूरच्या शिवारांत पसरलं. धरण शंभर टक्के भरलं की ११७ टीएमसी पाणी साठतं. गावं उठली, पळसदेवचं जुनं देऊळ बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते देऊळ पुन्हा वर येतं आणि लोक बघायला जातात. जिथे बैलगाड्या चालत होत्या तिथे होड्या चालू लागल्या. कुगावहून पलीकडे कळाशीला जायचं तर रस्त्यानं मोठा वळसा, पाण्यावरून थोडंसं अंतर. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी तिथे वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली आणि सहा माणसं गेली. त्यानंतरच्या रविवारी आमच्या खोलीत कुणी हत्यार हातात घेतलं नाही. पुढे मित्रानं हस्तलिखितात एक प्रकरण वाढवलं, 'जहाज उभं कसं राहतं'. या पुस्तकातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं प्रकरण तेच. बोट एका अंगाला कलली की त्या अंगाचं पोट पाण्यात जास्त जातं, पाणी तिथे जास्त जोरानं वर रेटतं आणि बोट सरळ होते. वजन जितकं खाली, तितकं हे सहज घडतं. वजन वर चढलं की तेच पाणी तिला सरळ करू शकत नाही. मित्रानं सावरीच्या लाकडाचं साधं पोट कोरलं, त्यात लोखंडी नट आधी तळाशी आणि मग काठाच्या उंचीला बसवले आणि पाण्याच्या टाकीत सोडून बोटानं कलवून दाखवलं. पहिल्यांदा ते उभं राहिलं, दुसऱ्यांदा उलटलं. आसपासच्या गावांतल्या प्रत्येक शाळेनं हा प्रयोग मुलांना करून दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

आता किटविषयी. ज्यांनी असली पेटी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. पेटी उघडली की आत जहाज नसतंच. प्लायवुडचे काही तक्ते असतात. त्यांत लेझरनं आकार कापलेले असतात, पण ते अजून तक्त्यालाच चिकटून असतात. लाकडी पट्ट्यांचे जुडगे असतात. साधारण दीड मिलिमीटर जाड आणि पाच मिलिमीटर रुंद. त्याशिवाय अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या, अक्रोडासारख्या गडद लाकडाच्या पातळ पट्ट्या. डोलकाठ्यांसाठी गोल काड्या, दोन-तीन रंगांचे दोरे, पितळेच्या बारीक चुका, मण्याएवढ्या लाकडी कप्प्या, कापड, आणि एक भलामोठा नकाशा. स्पेनमधल्या आर्तेसानिया लातिना आणि ऑक्रे, इटलीतली अमाती, डेन्मार्कमधली बिलिंग बोट्स या कंपन्या असली किट बनवतात. १ : ९८ हे स्केल घेतलं तर ट्रफाल्गरच्या लढाईतल्या 'व्हिक्टरी' जहाजाचा सत्तावन्न मीटर लांबीचा तोफांचा मजला अठ्ठावन्न सेंटिमीटरमध्ये बसतो. टेबलावर मावतं, पण सवयीच्या हाताचीही दोन-तीन वर्षं घेतं. नवख्यानं त्याला हात लावू नये, हे मित्राचं मत मला पूर्ण मान्य आहे.

पहिलं काम कण्याचं. लांब, उभा प्लायवुडचा तुकडा, त्याला खाचा, खाचांत आडव्या बसणाऱ्या दहा-बारा फासळ्या. खऱ्या जहाजात फासळ्या दाट असतात, किटमध्ये विरळ. फासळ्या काटकोनात बसल्या की नाहीत ते गुण्यानं तपासायचं, आणि मग ज्या कामाला नवखा माणूस हमखास टाळाटाळ करतो ते काम: प्रत्येक फासळीची कड तिरकी घासायची. मध्यावरच्या फासळ्यांना फारसं घासावं लागत नाही. टोकांकडे पोट आत वळतं, तिथे फळी फासळीच्या नुसत्या एका कडेवर टेकते. ती कड घासून फळी पूर्ण रुंदीनं बसेल असा उतार द्यावा लागतो. पट्टीवर पॉलिश पेपर चिकटवून एकाच वेळी तीन-चार फासळ्यांवरून ती फिरवायची, मग एक फळी नुसती धरून पाहायची, पुन्हा घासायचं. दोन-तीन रविवार यातच जातात. हे नीट झालं तर पुढचं सगळं नीट होतं.

मग फळ्या. इथे जहाजाचं खरं गणित आहे आणि ते कुठल्याही शाळकरी मुलाला कळेल असं आहे. समजा मध्यावर एका बाजूच्या पोटाचा घेर १२० मिलिमीटर आहे. पाच मिलिमीटरच्या चोवीस फळ्या बसल्या. पण पुढच्या टोकाशी तोच घेर ७० मिलिमीटरच उरतो. चोवीस फळ्या तिथेही पोचायच्या तर प्रत्येक फळी टोकाला तीन मिलिमीटरच्या आत निमुळती करायला हवी. न करता नुसती रेटली तर फळ्या एकमेकींवर चढतात आणि टोकाशी चुरगळतात. आणि फळी निमुळती करायची ती निम्म्या रुंदीच्या खाली नेऊ नये. तशी वेळ आली तर दोन फळ्यांच्या जागी एकच पुढे न्यावी. मागच्या बाजूला याच्या उलट होतं, घेर वाढतो आणि फळ्यांमध्ये पाचर घालावी लागते. हे सगळं मित्रानं आकृत्यांनी दाखवलं आहे. शिकताना मी त्यातली एक आकृती भिंतीला डकवली होती.

फळी वाकवायची तर आधी गरम पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायची, मग फासळ्यांवर कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची, पुरती वाळू द्यायची, आणि त्यानंतरच फेव्हिकॉल लावायचं. 'वाळल्यावरच' हा शब्द मित्रानं पुस्तकात तीनदा लिहिला आहे, त्यातला एक माझ्यामुळे. माझ्या पहिल्या मॉडेलच्या वेळी मे महिना होता. आमच्याकडे तेव्हा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात असतो आणि हवेत ओल नावालाही नसते. मी घाईनं ओल्याच फळ्या चिकटवल्या. ओलं लाकूड फुगलेलं असतं. चार दिवसांनी पाहतो तर प्रत्येक सांध्यातून पलीकडचा उजेड दिसत होता. ते मॉडेल घेऊन मी आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या सुतारांकडे गेलो. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचं सगळं आयुष्य बैलगाड्या करण्यात गेलं आहे.

अण्णांनी ते हातात धरून फिरवलं, डोळ्याजवळ नेलं आणि विचारलं, "ओली लावलीस का रं?"

मी मान हलवली.

"चाकात आरे बसवायचे तर लाकूड दोन-दोन वर्षं वाळवायचो आम्ही. ओला आरा बसवला तर पहिल्याच उन्हाळ्यात चाक खुळखुळतं. आणि ही बघ," त्यांनी एका फळीवर नख फिरवलं, "इथं रेषा उलटी हाय. उलट्या अंगानं घासलंस म्हणून फाटली."

त्या संध्याकाळी अण्णांनी मला लाकडाची रेषा बघायला शिकवलं. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. पण चाकावर लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाणी मारून आवळायची, हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे कुठल्या जोडाला कुठून ताण येतो हे जहाजाच्या नकाशावर बोट ठेवून ते सांगू लागले. पुस्तकातलं लाकडावरचं प्रकरण बरंचसं अण्णांच्या ओट्यावर तयार झालं आहे.

दोऱ्यांबद्दल मी थोडक्यात आटोपतो, कारण पुस्तकात त्यावर पुष्कळ आहे. एवढं लक्षात ठेवावं: डोलकाठीला जागेवर धरून ठेवणारे दोर गडद, कारण त्यांना डांबर फासत, आणि शिडं चढवा-उतरवायचे दोर फिक्या रंगाचे. दोऱ्याला मेण लावल्यावर त्याचे बारीक केस बसतात. शिडांसाठी पेटीतलं कापड बहुधा जाडं असतं. मित्र सोलापुरातून बारीक सुती कापड आणतो आणि चहाच्या पाण्यात बुडवून वाळवतो. त्याचा रंग अगदी वापरलेल्या शिडासारखा येतो.

मॉडेल हा नुसता फावल्या वेळचा नाद आहे असं समजणाऱ्यांसाठी चार ओळी. सतराव्या शतकापासून इंग्लंडच्या आरमारी कारभारात खऱ्या जहाजांची नेमक्या मापाची मॉडेलं बांधली जात. त्यांचं तळाचं अंग फळ्या न मारता उघडं ठेवलेलं असे, म्हणजे आतल्या फासळ्या दिसत. ग्रीनिचच्या संग्रहालयात ती आजही आहेत, आणि ती जहाजं बुडून, जळून, मोडून गेली तरी त्यांचा घाट त्या मॉडेलांमुळे कळतो. नेपोलियनच्या लढायांत इंग्रजांच्या कैदेत पडलेल्या फ्रेंच खलाशांनी जेवणातल्या हाडांपासून जहाजं कोरली. ज्या माणसांनी जहाजावर आयुष्य काढलं, त्यांना ते हातानं पुन्हा उभं करावंसं वाटलं.

आणि इथे मला जे सांगायचं आहे त्यावर येतो. किट कंपन्यांच्या याद्या पाहा. स्पेनची जहाजं आहेत, इंग्लंडची, फ्रान्सची, अमेरिकेची आहेत. आपल्या समुद्राच्या जवळचं म्हणावं असं मला सापडलं ते स्पॅनिश कंपनीचं 'सुलतान' नावाचं अरबी ढाऊ. गुराब नाही, गलबत नाही, पाल नाही, शिबाड नाही, मचवा नाही. ज्या किनाऱ्यावर शिवाजी महाराजांनी आरमार उभारलं आणि ज्याच्यावर कान्होजी आंग्र्यांनी १७२९ पर्यंत कुणाला निर्धास्त फिरू दिलं नाही, त्या किनाऱ्याचं एकही जहाज मला पेटीत सापडलं नाही.

कारण सरळ आहे. किट बनवायला नकाशा लागतो, आणि आपल्याकडची जहाजं कागदावर आखून बांधली गेली नाहीत. मिस्त्रीच्या डोळ्यात आणि हातात माप असे, ते बापाकडून मुलाकडे जाई. जहाजंही उरली नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या धक्क्याला तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून चालून आले होते आणि पेशव्यांची फौज जमिनीकडून. आपल्याच माणसांच्या संगनमतानं आपलं आरमार जळालं, ही गोष्ट लिहिताना आजही वाईट वाटतं. गुराबेचं जे वर्णन आपल्याला मिळतं ते इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं लिहून ठेवलेलं: बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन, तीन काठ्यांची गुराब तीनशे टनांच्या आसपास, दोन काठ्यांची दीडशेपर्यंत, उथळ पाण्यात चालणारी, लांबीच्या मानानं रुंद, पुढे निमुळती होत गेलेली आणि भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या जहाजांसारखं टोक पुढे काढलेली. गलबत तिच्याहून लहान, सत्तर टनांच्या आतलं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. कोकणच्या उथळ खाड्या डोळ्यांपुढे आणल्या तर हा आकार का निवडला ते लगेच कळतं. मोठ्या खोल तळाच्या जहाजाला जिथे शिरता येत नाही तिथे गुराब शिरते. पण वर्णनावरून चित्र काढता येतं, फासळीचा आकार नाही काढता येत.

परदेशी किटपासून सुरुवात करण्यात कमीपणा वाटणाऱ्यांना मी इतिहासातली एक गोष्ट सांगतो. १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीला महाराजांची जहाजं बांधली जात होती, तेव्हा तिथे रुय लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज आणि त्याचा मुलगा कामावर होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं त्यांना फितवून परत नेलं. काम थांबलं नाही. फेब्रुवारी १६६५ मध्ये मालवणहून बसरूरवर मोहीम निघाली तेव्हा ताफ्यात पंच्याऐंशी लहान गलबतं आणि तीन मोठी जहाजं होती. बाहेरच्याकडून शिकून, तो निघून गेल्यावर आपल्या हातांनी सहा वर्षांत एवढं उभं राहिलं.

मुंबईची गोष्ट वेगळी, तिथे कागद होते. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्यानं मुंबईच्या गोदीत इंग्रजांसाठी सागवानी जहाजं बांधली. त्यांतल्या 'त्रिंकोमाली'चा किस्सा मला फार आवडतो. तिचे नकाशे इंग्लंडहून ज्या 'जावा' जहाजातून निघाले, ते १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं लढाईत निकामी केलं आणि जाळून टाकलं. नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. १८१६ मध्ये कामाला सुरुवात करताना पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. मुंबईच्या मिस्त्र्यांनी मलबारच्या सागाचं बांधलेलं ते जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभं आहे. ज्या 'कॉन्स्टिट्यूशन'मुळे तिचे पहिले नकाशे गेले, तेही बॉस्टनला तरंगत आहे, आणि किटमध्ये सर्वांत जास्त बांधल्या जाणाऱ्या जहाजांपैकी एक आहे.

नकाशा नसताना काय करता येतं याचं ताजं उदाहरण म्हणजे नौदलाचं 'कौंडिण्य'. अजिंठ्यातल्या पाचव्या शतकाच्या भित्तिचित्रात एक जहाज आहे. चित्र सपाट, माप कुठलंच नाही. गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सच्या गोदीत केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांच्या माणसांनी खिळा न मारता, काथ्याच्या दोरीनं फळ्या शिवून ते जहाज बांधलं. आयआयटी मद्रासमध्ये त्याचं लहान मॉडेल पाण्यात तपासलं गेलं. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं. अजिंठ्याच्या भिंतीवरून समुद्रात जाण्याच्या वाटेवर मॉडेल लागलंच.

या पुस्तकातली भाषा हा माझ्या लेखी मोठा ठेवा आहे. मित्रानं इंग्रजी शब्दांवर अडून राहायचं नाही आणि ओढूनताणून संस्कृतही घडवायचं नाही असं ठरवलं. कणा, फासळी, फळी, पाचर, डोलकाठी, शीड, सुकाणू, नांगर, वल्हं हे शब्द होतेच. कोकणात मिस्त्री आणि तांडेल जे शब्द वापरतात ते मिळाले तिथे घेतले, मिळाले नाहीत तिथे वस्तू काय करते ते सरळ सांगितलं. किट, स्केल, प्लायवुड तसेच ठेवले. अण्णांना वाचून दाखवताना ज्या वाक्यावर ते अडले, ते वाक्य बदललं. म्हणून हे पुस्तक करमाळ्याच्या सुताराला जसं कळेल तसंच पुण्यातल्या शाळकरी मुलीलाही कळेल.

वाचकांकडे माझं एक मागणं आहे. किटमधून पहिलं जहाज बांधून झालं, कण्यापासून पोट कसं वाढतं ते हातांना कळलं, की टेप आणि वही घेऊन कोकणात जा. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, जिथे खाडीकाठी जुनी लाकडी होडी उपडी पडलेली दिसेल तिथे मालकाची परवानगी घ्या आणि तिची मापं उतरवा. दर अर्ध्या मीटरवर रुंदी आणि खोली, दोन्ही टोकांचा आकार, फळीची जाडी, फासळ्यांमधलं अंतर. फायबरच्या होड्या आल्यापासून लाकडी होड्या झपाट्यानं मोडीत निघत आहेत आणि त्या बांधणारे मिस्त्री थकले आहेत. मिस्त्री भेटले तर त्यांच्याजवळ बसा, भागांची नावं लिहून घ्या. असे पंचवीस-तीस नकाशे जमले तर मराठी गलबताचं पहिलं किट आपणच कापू शकतो. सोलापुरातही लेझर कटिंगची दुकानं आहेत.

मित्राच्या टेबलावर सध्या मालवणहून मोजून आणलेल्या एका होडीचा कणा आहे. जुन्या दाराच्या सागवानी चौकटीतून काढलेला, बेचाळीस सेंटिमीटर लांब. फासळ्या बसल्या आहेत, घासायचं काम चालू आहे. पावसाळा सरून हवा कोरडी होईपर्यंत फळ्यांना हात लावायचा नाही असं अण्णांनी बजावलं आहे.

जेऊर, ता. करमाळा, जि. सोलापूर